म्या तं पयलेच सांगतलं होतं!

वऱ्हाडात ‘कौन बनेगा करोडपती’ कोणी नुसता पाहत नाही. अमिताभ मुंबईत प्रश्न विचारतो आणि उत्तर अकोल्याच्या जठारपेठेतून निघतं. पर्याय झळकले की काका सगळ्यांना गप्प करतात आणि स्वतःही गप्प राहतात. स्पर्धकाने उत्तर लॉक केलं, पट्टी हिरवी झाली, की मग मांडीवर थाप मारतात, “म्या तं पयलेच सांगतलं होतं!”

“मंग तुमी कायले नाई जात मुंबईले?” काकू स्वयंपाकघरातून.

“फोनच लागत नाई ना वं त्याईचा!”

अशा काकांची सोय २००७ साली झाली होती. ‘हर सीट हॉट सीट’ म्हणजे घरबसल्या उत्तर पाठवा आणि दोन लाख जिंका. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. काकांनी उत्तर पाठवायचं आणि निकालाच्या वेळेला भारनियमनाने घर काळोखात घालायचं, असा तो संसार. म्हणजे सहभाग आपला, पैसे आपले आणि निकाल दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून. त्या एसएमएसच्या पैशांवरून ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कंपन्यांना दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो पुराव्याअभावी रद्द केला. काकांचे २ रुपये ४० पैसे मात्र गेले ते गेलेच.

पण एकदा आमच्याकडचा फोन खरंच लागला. २०१९, अकरावा मोसम. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे हॉट सीटवर बसल्या आणि एक कोटी घेऊन उठल्या. त्याआधी या गावाचं नाव स्पर्धा परीक्षेच्या पोरांना तेवढं ठाऊक. दौलतराव शिंदे आणि इंग्रजांचा तह इथे झाला, ३० डिसेंबर १८०३. आता पोरांना गावावर दोन प्रश्न पाठ करावे लागतात.

बबिताताई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. मानधन महिना १५०० रुपये. पैशांचं काय करणार म्हटल्यावर त्यांना मोबाइल हवा होता, कारण घरात एकच होता. स्टुडिओ हळहळला, टाळ्या पडल्या, जठारपेठेत काकूंनी पदर डोळ्याला लावला. एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गात ‘पंधराशेच का हो?’ हा प्रश्न कोणाला सुचला नाही. त्याला चार पर्याय नसतात ना बाप्पा!

आम्ही मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पंधराशेच्या हिशेबाने एक कोटी जमवायला साडेपाचशेहून जास्त वर्षं लागतात, तीही पोटाला काही न खाता आणि उन्हाळ्याच्या सुटीचेही पैसे धरून. ताईंनी दौलतरावांच्या तहाच्या वर्षीच चुलीवर पातेलं चढवलं असतं, तरी २०१९ पर्यंत ३८ लाख ८८ हजारच झाले असते. आमच्या वऱ्हाडी डोक्याला याहून गंमत वाटली ती कराची. बक्षिसाच्या रकमेवर ३० टक्के कर, वर अधिभार वेगळा. म्हणजे सरकारने ताईंकडून एका फटक्यात तीस लाखांच्या वर घेतले. तेवढे तीस लाख मानधन म्हणून त्यांना द्यायचे तर सरकारला १६६ वर्षं लागली असती. मंत्रालयात कोणी विचारलं असतं, तर स्वयंपाकिणीवरच्या खर्चाची वसुली कशी करावी याचा हा नमुना म्हणून गौरवच झाला असता.

तेव्हा राज्यातल्या समस्त स्वयंपाकी-मदतनीस बायांना आमची सूचना आहे, की मोर्चे-निवेदनं सोडा आणि सामान्यज्ञान वाढवा. पाण्याची, शाळेच्या छपराची, कापसाच्या भावाचीही फाइल याच मार्गाने लवकर हलेल. अंजनगावचा तह तर एव्हाना तुमचा पाठ झालाच असेल.

मधल्या काळात सरकारलाही दया आली. मानधन २५०० झालं. म्हणजे त्या हिशेबाने एक कोटीला फक्त ३३३ वर्षं.