पट मोजावा गणपतीत

हेदवीला आलेला पाहुणा आधी दशभुजा लक्ष्मीगणेशाचं दर्शन घेतो, मग बामणघळीत भरतीचं पाणी कसं उसळतं ते मोबाइलमध्ये टिपतो आणि गुहागरच्या रस्त्याला लागतो. वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा त्याला दिसत नाही. त्याला तरी कशाला दोष द्या! मंत्रालयालाही ती पटसंख्येच्या रकान्यातूनच दिसते.

आणि पट म्हणजे 30 सप्टेंबरचा. त्यावरून संच मान्यता होते, शाळेला शिक्षक किती ते ठरतं. तोवर बहुतेक वर्षी गणपती विसर्जित झालेले असतात आणि चाकरमानी पोराबाळांसकट मुंबईला परतलेले असतात. हीच मोजदाद गौरीच्या ओवशाला केली, तर गुहागर तालुक्यात जादा तुकड्या काढाव्या लागतील. पण खात्याला एवढी रसिकता कुठली?

2017 मध्ये दहाच्या आत पट असलेल्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं होतं. 2023 मध्ये विसाच्या आतल्यांना एकत्र करणाऱ्या ‘समूह शाळे’ची टूम निघाली. अशा शाळा तेव्हा राज्यभरात चौदा हजारांच्या वर होत्या. शिक्षण हक्काचे नियम सांगतात, पाचवीपर्यंतची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत हवी. नकाशातलं किलोमीटर सपाट असतं. कोकणातल्या किलोमीटरात एक घाटी, एक पऱ्या आणि अख्खा जुलै मावतो.

बरं, शाळा राहिली तरी गुरुजी राहतीलच असं नाही.

2023 मध्ये आंतरजिल्हा बदल्यांत रत्नागिरीतले सातशेहून अधिक शिक्षक आपापल्या गावाकडे गेले. गेले ते हक्काने गेले. घरापासून चारशे किलोमीटरवर नोकरी करणाऱ्याला कोण बोल लावणार? त्यांच्या जागी यायचे ते मात्र तेव्हा भरतीच्या फायलीत अडकलेले होते. मग शेजारच्या शाळेतला एक मास्तर ‘कामगिरीवर’ काढायचा, म्हणजे एका शाळेचं भोक बुजवताना दुसरीला पाडायचं. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा सरकारला निवृत्तांची आठवण झाली. महिना 20,000 रुपये मानधन ठरलं, वयोमर्यादा सत्तर. शाल-श्रीफळ घेऊन घरी बसलेल्या गुरुजींनी पुन्हा खडू हातात घ्यायचा.

याच रत्नागिरी जिल्हा परिषदेने निवडक विद्यार्थ्यांना इस्रो आणि नासा दाखवून आणलं. उपक्रम खरोखर चांगला, त्यात खोट काढणं करंटेपणाचं. रत्नागिरीचं पोर अमेरिकेत पोचलं. आता अमुक वाडीत मास्तर पोचला की झालं.

पैशांचा प्रश्न म्हणाल, तर त्यावरही 2023 चीच दत्तक शाळा योजना आहे. ग्रामीण शाळा पाच वर्षांसाठी 50 लाखांत, दहा वर्षांसाठी 1 कोटीत. बदल्यात देणगीदाराने सुचवलेलं नाव शाळेला जोडायचं. रोख चालत नाही, वस्तू किंवा सेवा द्यायची. मास्तर यांपैकी कशात धरायचा, तेवढं कुणी सांगितलं तर मुंबईची ग्रामस्थ मंडळं येत्या रविवारीच वर्गणी काढायला बसतील.