दादा पाहिजे

घाटकोपरात मुलाला कशातही घालता येतं. अबॅकस, कराटे, कीबोर्ड, ऑलिंपियाड, हस्ताक्षरसुधार. आमच्या सोसायटीच्या गेटवर क्लासच्या इतक्या पाट्या आहेत की सोसायटीचं नाव शोधावं लागतं. यातल्या प्रत्येक गोष्टीला आधी फी आणि शेवटी परीक्षा असते. म्हणून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पिशवीतून घडी घातलेला फॉर्म काढून "ताई, हे फुकट आहे म्हणतात. काय असंल ओ यात?" असं विचारलं, तेव्हा मलाही जरा संशयच आला.

फॉर्म एका स्वयंसेवी संस्थेचा होता. मुलाला एक मोठा माणूस जोडून मिळणार. त्यानं आठवड्यातून दोनेक तास मुलाबरोबर घालवायचे, तेही निदान वर्षभर. शिकवणी नाही, वह्यावाटप नाही.

मावशी राहतात असल्फ्याला, मेट्रोतून रंगीबेरंगी दिसणाऱ्या त्या डोंगरावर. धाकटा दहा वर्षांचा. त्यांनी एखादं स्थळ बघावं तशी चौकशी सुरू केली. दादा कामाला कुठं, घरी कोण कोण, काही व्यसन? संस्थाही काही कमी नव्हती. दादाची मुलाखत, पोलीस पडताळणी, प्रशिक्षण, शिवाय भेटायचं ते बागेत, वाचनालयात किंवा केंद्रावर, चारचौघांत. ऐकून मावशी म्हणाल्या, "पोरीच्या लग्नाला येवढं बघितलं असतं तर!"

मग लिहायला बसलो. 'मुलाचे छंद'? "छंद कसला, मोबाईल." मी 'चित्रे पाहणे' असं लिहिलं. 'मुलगा मनातलं कोणाशी बोलतो?' "माझ्याशीच की," म्हणाल्या, आणि मग हिशोब करू लागल्या. सकाळी तो झोपलेला असतो, रात्री त्या थकलेल्या असतात. "रविवारी लिवा." 'कार्यक्रमाकडून अपेक्षा' या रकान्यात मात्र त्या ठाम होत्या: गणितात पास. त्यांना काय हसायचं? आमच्या चिरंजीवांना मी बुद्धिबळाच्या क्लासला घातलं, तेही 'एकाग्रता वाढते' म्हणूनच.

या फॉर्मचं मूळ गाव न्यूयॉर्क. तिथल्या बालन्यायालयात अर्नेस्ट कूल्टर नावाचे कारकून होते. कोर्टात येणारी पोरं बघून त्यांना राहवेना. १९०४ साली त्यांनी एका चर्चच्या मंडळातल्या सद्गृहस्थांना गाठलं आणि सांगितलं, एकेकानं एकेका पोराचा मित्र व्हा. त्यातून 'बिग ब्रदर्स' ही चळवळ निघाली. (चळवळ कारकुनानं काढलेली, तेव्हा फॉर्म येणारच.) मुंबईत 'मेंटॉर मी इंडिया' ही संस्था याच धर्तीवर एका मुलामागे एक मार्गदर्शक देते. आपल्याकडे ताई-दादा काही नवे नाहीत. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत मैदानावर शिट्टी वाजवणारा दादा असायचाच. पण तो साऱ्या शाखेचा. एकट्या आपल्या वाट्याला आलेला, खास आपल्यासाठी बस बदलून येणारा दादा, ही चैन निराळी.

आणि ती अर्ध्यावर सोडता येत नाही. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोन संशोधक बाईंनी २००२ साली अमेरिकेतल्या अशा जोड्यांचा अभ्यास मांडला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आतच मोडलेल्या जोड्यांतली मुलं मात्र स्वतःला आधीपेक्षाही कमी लेखू लागली होती. 'निदान वर्षभर' ही अट एवढी ठळक अक्षरांत का, ते तेव्हा कळलं. कंटाळून निघून जाणारी मोठी माणसं मुलांनी बघितलेलीच असतात, त्यात संस्थेनं आणखी एकाची भर कशाला घालावी?

यथावकाश दादा मिळाला, अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीतला. पहिल्या भेटीनंतर मावशी कामाला आल्या त्या घुश्शातच. "दोन तास नुसता कॅरम! पुस्तकाला हात नाही. फोन करा त्यांना." मी फोन केला नाही. मुलानं आल्यावर काय सांगितलं ते विचारलं. "काय सांगायचंय? रात्री झोपेस्तोवर तेच. दादाला राणी घेता येत नाही, मीच शिकवली म्हणे." भांडी जरा जोरातच आपटली गेली, पण फोनचा विषय पुन्हा निघाला नाही.

ही बातमी सोसायटीत पसरली. फुकट आणि एका मुलाला एक माणूस, हे ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नातवासाठी फॉर्म मागितला. योजना वस्तीतल्या मुलांसाठी आहे म्हटल्यावर, "सगळं त्यांनाच," म्हणाल्या. तेवढ्यात संस्थेला आणखी ताई-दादा हवेत असं मावशींकडून कळलं, म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर आवाहन टाकलं. अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले. प्रत्यक्ष फोन आला तो एकच, सातव्या मजल्यावरून. लेकीला शिकायला परदेशी जायचंय, सर्टिफिकेट मिळेल का? मी म्हटलं, मिळत असावं, वर्ष पूर्ण केल्यावर.

"वर्ष? अहो, अर्जाची तारीख नोव्हेंबरात आहे. रोज दोन तास आली तर लवकर नाही का होणार?"