फरकेअण्णा

फरकेअण्णांना "कसं काय, ठीक ना?" असं सहज म्हणूनसुद्धा विचारू नये. 2025च्या दिवाळीत आमच्याकडच्या एका नव्या लिपिकाने विचारलं. "ठीक कसलं? केंद्राला 58, आपल्याला 55!" असं उत्तर आलं. पोरगं स्पर्धा परीक्षेतून नुकतंच आलेलं, त्याला वाटलं अण्णा कटऑफ सांगतायत. "कुठल्या प्रवर्गाचा?" असं त्याने विचारलं आणि त्याचा जेवणाचा अर्धा तास महागाईभत्त्यात गेला.

अण्णांचं खरं आडनाव सेवापुस्तकात आहे. कचेरीत ते कुणी वापरत नाही. पगाराचं अण्णांना तसं कौतुक नाही. पगार काय, सगळ्यांचाच होतो. त्यांचा जीव फरकात. सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू धरला, राज्यात प्रत्यक्ष पगारात आला 2019 साली. मधल्या तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत, आणि तोही भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात. म्हणजे पावतीवर दिसणार, खिशात येणार नाही. बाकीचे लोक यावर चिडले. अण्णांनी मात्र पाचही हप्ते, ज्या जीआरने मिळाले त्यांच्या तारखांसकट, एका लांबट वहीत उतरवून ठेवलेत. "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" ही जीआरखालची ओळ ते अशा काही सुरात वाचतात की ऐकणाऱ्याला उठून उभं राहावंसं वाटतं.

संघटनेच्या जिल्हा शाखेचे ते कोषाध्यक्ष. अध्यक्ष कधीच झाले नाहीत. अध्यक्षाला भाषण करावं लागतं, आणि भाषणात फार शब्द असतात. द्वारसभेत कुणी पुढारी मुठी आवळून "सरकारने आमच्या तोंडाला पानं पुसली" असं गरजला की मागून अण्णांचा बारीक आवाज येतो, "किती टक्के, ते सांगा."

दर महिनाअखेरीला केंद्रीय श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक येतो. त्या दिवशी अण्णांकडे आवक-जावकवाल्यांनी जाऊ नये. बारा महिन्यांची सरासरी काढायची, तिला 2.88ने गुणायचं, त्यातून 261.42 वजा करायचे, उरलेल्याला पुन्हा 261.42ने भागून शंभराने गुणायचं, की केंद्राचा महागाईभत्ता हातात. अण्णा हे तोंडी करतात. हिशेब पक्का येतो, फक्त शेवटी दशांशचिन्हाच्या पुढचं सगळं सोडून द्यायचं असतं आणि तिथे अण्णांना उमाळा येतो. "पॉइंट नव्वद आलं तरी सोडायचं! जन्मभराचे हे पॉइंट एकत्र केले तर..." पुढचं ते बोलत नाहीत. वही उघडतात.

आणि हे झालं केंद्राचं. राज्याचं टपाल त्यामागून चालत येतं. जुलै 2024 पासूनचे तीन टक्के आपल्याकडे जाहीर झाले फेब्रुवारी 2025 मध्ये. मधल्या महिन्यांचा फरक मिळाला, म्हणून अण्णा त्या उशिरावर मनातून खूशच असावेत, असा माझा संशय आहे. वेळेवर मिळालेल्या पैशांत कसला फरक?

फक्त एका गोष्टीवर ते गंभीर होतात. करोनाच्या काळात जानेवारी 2020 ते जून 2021 भत्ता गोठवला होता. नंतर केंद्राने 17चे एकदम 28 केले, पण त्या अठरा महिन्यांचे पैसे गेले ते गेले. अण्णांच्या वहीत त्यासाठी एक पान राखलंय. वर मथळा, खाली तारखा, उजवीकडचा रकाना कोरा. भाऊबंदकीत गेलेल्या वावराचा सातबारा जपावा तसं ते पान त्यांनी जपलंय.

त्यांच्या या नादाचा खरा भार वहिनींवर. 2023च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पुढे गेले तेव्हाची गोष्ट. मंडईत सगळी माणसं भाजीवाल्याशी भांडत होती आणि अण्णांचा चेहरा फुललेला. "चढू दे, चढू दे, निर्देशांक हलतोय!" वहिनींनी पिशवी खाली ठेवली.

"तुमचं मूळ वेतन किती?"

"एकोणपन्नास हजार."

"एक टक्का वाढला तर महिन्याला चारशे नव्वद. तो टक्का कधी मिळणार?"

"केंद्र होळीच्या आसपास देईल. मग आपलं राज्य..."

"आणि टोमॅटो आज रात्रीच्या आमटीला हवेत. अर्धा किलो घ्या आणि पैसे तुमच्या निर्देशांकाला मागा."

अण्णा म्हणतात, वहिनी लेखा शाखेत असत्या तर आज उपसंचालक झाल्या असत्या.

संपाचा विषय निघाला की अण्णांची खुर्ची पुढे सरकते. 1977-78चा राज्य कर्मचाऱ्यांचा 54 दिवसांचा संप, र. ग. कर्णिकांचं नेतृत्व, समोर मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, आणि मागणी केंद्राप्रमाणे महागाईभत्त्याची. हे सगळं अण्णा 'आम्ही' लावून सांगतात. "आम्ही मागे हटलो नाही." सेवापुस्तकातल्या जन्मतारखेप्रमाणे त्या वेळी ते चौथीत होते. पण ही जन्मतारीख त्यांच्यापुढे काढायची नाही. ती 1 जून 1968 आहे, आणि तेच त्यांचं आयुष्यभराचं दुखणं.

त्या काळी पोराला शाळेत घालताना आईबापांना तारीख आठवली नाही की मास्तर 1 जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात अशा एक जूनवाल्यांची पलटणच्या पलटण आहे. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, म्हणून अण्णांना 58व्या वर्षी 31 मेला नारळ. वेतनवाढ मात्र 1 जुलैची. मास्तरांनी 2 जून लिहिलं असतं तर 30 जूनपर्यंत नोकरी. आणि 30 जूनला निवृत्त होणाऱ्यालाही वर्षभर राबल्याची वेतनवाढ द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितलंय. म्हणजे एका दिवसापायी एक पगार गेला, एक वाढ गेली आणि पेन्शन तेवढी बारीक झाली. जन्मतारीख बदलण्याचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत करायचा असतो. तेव्हा अण्णांना तेवढा हिशेब येत नव्हता. मास्तर आता हयात नाहीत, नाहीतर त्यांच्यावर प्रकरण झालं असतं.

मागच्या पाडव्याच्या सुमाराला त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी महिना दोनशे रुपये वाढवून मागितले. वहिनी लगेच द्यायला निघाल्या होत्या. अण्णांनी त्यांना थांबवलं.

"मागणी रास्त आहे," अण्णा मावशींना म्हणाले. "तत्त्वतः मान्य. आम्ही सकारात्मक आहोत. पण घराची एकूण आर्थिक स्थिती बघून, अभ्यास करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. "काम नाही, तर दाम नाही," अण्णांनी जाहीर केलं आणि वहिनींनी कुकर त्यांच्यापुढे ठेवला. वरणाचा कुकर, तळाशी लागलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा स्वतः मावशींच्या दारात हजर. तोवर दोनशेचे तीनशे झाले होते. शिवाय दर पाडव्याला शंभर रुपये, न मागता. शिवाय ही वाढ मागच्या दिवाळीपासून धरायची.

"म्हणजे फरक!" अण्णांच्या तोंडून निघून गेलं.

"ते तुम्ही काय म्हणता ते. रोख पायजे."

"पोस्टात तुमच्या नावावर टाकले तर? पाच हप्त्यांत?"

मावशींनी दार लोटायला घेतलं. अण्णांनी पाकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी हे सगळं वहीत बघून आम्हाला सांगितलं. दर, लागू होण्याची तारीख, फरकाची रक्कम, सगळी नोंद होती. "बाई संघटनेत हवी होती," ते चहा ढवळत म्हणाले. "दीड दिवसात करार! आम्हाला 54 लागले होते."