आधी पंप, मग माप

मुळशी तालुक्यात डोंगर फोडून प्लॉट पाडणाऱ्या जेसीबीची बकेट उचलताना रेंगाळू लागली की निदानाची एक प्रस्थापित परंपरा कामास लागते. ऑपरेटर आवाजावरून पंप गेल्याचे सांगतो, मिस्त्री होजला हात लावून त्यास दुजोरा देतो, शेजारच्या साइटवरील मालक गेल्या वर्षी आपलाही पंपच गेला होता अशी साक्ष देतो आणि तीन मतांनी दोषी ठरलेला पंप, त्याची बाजू न ऐकताच, बदलला जातो.

वस्तुतः पंप तेलाचा प्रवाह निर्माण करतो. दाब उत्पन्न होतो तो त्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधातून. मुळशी धरणाचे पाणी सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात पोहोचते तेव्हा त्याचा दाब साधारण 50 बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास 50 पट असतो. बकेट कातळाला भिडली की होजमधील तेलाचा दाब त्याच्याही चौपट होतो. तो तळव्याने जोखण्याची मिस्त्रीची विद्या कितीही थोर असली, तरी होजला सुईच्या अग्राएवढे छिद्र असल्यास तेल थेट कातडीत घुसते, त्यामुळे ती शिष्यास न शिकवणेच श्रेयस्कर.

याला पर्याय असलेली मोजमापाची पद्धत फारच नीरस आहे. तेलाची पातळी आणि तापमान पाहावे, कारण साधारण 80 अंशांपुढे तेल फार पातळ होते, सील कडक होऊ लागतात. बूम, म्हणजे बकेट पेलणारी भुजा, पूर्ण उचलायला लागणारा वेळ यंत्र थंड असताना आणि तापल्यावर मोजावा. प्रेशर गेज लावून लिव्हर शेवटपर्यंत दाबून धरावा. दाब पुरेसा असूनही वेग कमी असेल, तर तेल कमी पोहोचते आहे. दाबच चढत नसेल, तर पंपाआधी रिलीफ व्हॉल्व, म्हणजे जादा दाबाचे तेल टाकीत परत सोडणारी झडप, उघडून पाहावी.

पंप नवा आणि बकेट तशीच, अशी अवस्था आल्यावर अखेरीस गेज लागतो आणि झडपेत अडकलेला कचऱ्याचा कण सापडतो. तरीही पंपाचा खर्च वाया गेल्याचे कोणी मान्य करत नाही. ‘आज ना उद्या बदलावा लागलाच असता’ या निष्कर्षावर ऑपरेटर, मिस्त्री आणि मालक यांचे पुन्हा एकमत होते.