पिछेहाट

माणसाने गर्व कशाचा करावा याचे काही शास्त्र असते, तर गाडी मागे घेण्याच्या कौशल्याला त्यात स्थान मिळाले नसते. परंतु एका अंगाला भाजीच्या हातगाड्या, दुसऱ्या अंगाला रिक्षांची रांग आणि मध्येच कोणाच्या तरी सत्यनारायणाचा मांडव अशा बोरिवलीच्या गल्लीतून फाटकापर्यंत उलटी गाडी नेणाऱ्या गृहस्थास स्वतःविषयी जो आदर वाटू लागतो, तो शास्त्राला जुमानत नाही. म्हणूनच मार्व्याच्या खाडीत आपली चिमुकली फायबरची होडी फिरवून परतलेल्या मेहुण्याने पाण्यातूनच ओरडून, "भाऊजी, रिकामा ट्रेलर जरा उतारावरून खाली घ्या हो!" अशी विनंती केली, तेव्हा इतक्या क्षुल्लक कामगिरीवर आपली नेमणूक व्हावी याचा मला किंचित विषादच वाटला.

ट्रेलरचा स्वभाव असा की, गाडी मागे घेताना चाक उजवीकडे वळवावे तर तो डावीकडे निघतो, आणि जितका आखूड तितका लवकर निघतो. वर होडी असती तर निदान ती काचेतून दिसली असती. रिकामा ट्रेलर गाडीच्या पाठीमागे पार दडून असतो आणि तो आरशात दिसू लागला की फितुरी झाली असे खुशाल समजावे. चाक खालच्या बाजूने धरून ज्या दिशेला ट्रेलर न्यायचा त्याच दिशेला हात सरकवावा, ही या विद्येतील गुरुकिल्ली मला त्याच दिवशी सायंकाळी, म्हणजे तिचा काहीही उपयोग उरला नसताना, चहाबरोबर देण्यात आली. वाहन आवश्यकतेपेक्षा अधिक अंतर मागे नेऊ नये असे रहदारीच्या १९८९ च्या नियमांत फर्मावले होते. मी तर दर खेपेस हातभर मागे जाऊन, ट्रेलरने गाडीशी काटकोन केल्यावर, दोन हात पुढे येत होतो, त्यामुळे कायद्याचा भंग माझ्याकडून होणे शक्यच नव्हते. दिवस पौर्णिमेचा, ओहोटी लागलेली. आणि उधाणाला आमच्या किनाऱ्यावर पाणी कधीकधी चार मीटरांहूनही अधिक चढते-उतरते, त्यामुळे मेहुणा होडीसह हळूहळू मनोरीच्या बाजूला आणि पाणी त्याहून वेगाने खाली चालले होते.

एव्हाना माझ्यामागे मार्गदर्शक मंडळ स्थापन झाले होते. मुंबईत गाडी मागे जाऊ लागली की तिच्या पाठीशी एक मनुष्य उत्पन्न होतो. त्याला कोणी बोलावीत नाही, त्याची तेथे काही मिळकत गुंतलेली नसते आणि स्वतः त्याने उभ्या आयुष्यात गाडी चालविलेली असतेच असे नाही. तरीही तो "आने दो, आने दो" असा घोष सुरू करतो; घरी अस्सल मराठी बोलणाराही या प्रसंगी हिंदीतच का शिरतो, हे मला उलगडलेले नाही. मग "काटो, पूरा काटो", मग "सीधा करो", आणि अखेरीस, भिंत व गाडी यांत बोटभर अंतर उरले असता, डिकीवर दोन थापा मारून "बस्स!" या थापांनी समाप्तीची मोहर उठते आणि तो पुरुष आभाराची वाट न पाहता गर्दीत विलीन होतो. हे सर्व एकट्या गाडीला लागू. ट्रेलर जोडल्यावर "राइट मारो" म्हणजे उजवीकडे चाक की उजवीकडे ट्रेलर, यावर मंडळातच दोन तट पडले आणि मी उभयपक्षी मान ठेवून आळीपाळीने दोघांचेही ऐकले.

वास्तविक माझ्या साऱ्या कौशल्याचा अर्धा वाटा ज्यांचा, ते आमच्या जुन्या इमारतीचे पहारेकरी मामा. कणकवलीकडचे, रात्री कितीही उशीर होवो, दिवा पाहताच स्टुलावरून उठत आणि "येऊ देत साहेब, येऊ देत" म्हणत कंपाउंडच्या भिंतीला पाठ टेकवून उभे राहात, कारण गाडी भिंतीला लागायची तर आधी आपल्याला लागेल असा त्यांचा सरळ हिशेब होता. इमारतीचा पुनर्विकास झाला. आता गाडी यांत्रिक पाळण्यात चढते, मागचा कॅमेरा टींटीं करतो, आणि नव्या सुरक्षा-कंत्राटाच्या करारनाम्यात वयाची अट असल्यामुळे मामांना रजा मिळाली. सर्वसाधारण सभेत त्या ठरावावर मीही हात वर केला होता. त्या वेळी विषयपत्रिका लांब होती आणि पुढे जेवण होते. आजही तो यांत्रिक टींटीं ऐकला की माझे डोके उठते, आणि राग यंत्रावर नसतो.

असो. मंडळाचा वाद विकोपाला गेला असता बाजूला जाळे विणीत बसलेले एक वृद्ध कोळी उठले. त्यांनी ट्रेलरभोवती एक प्रदक्षिणा घातली, आकड्याची खीळ उपसली आणि दोन पोरांना नुसती हनुवटीने खूण केली. पोरांनी दोन बाजूंनी धरून तो ट्रेलर शेवाळावरून थेट पाण्यात नेऊन उभा केला.

"रिकामा हाय शेठ," ते म्हणाले, "हातानं ढकलायचा."

मंडळ विसर्जित झाले. इतका वेळ शेजारच्या आसनावर मौन पाळून बसलेल्या माझ्या पत्नीने, मग आपण एवढे पेट्रोल कशासाठी जाळले, अशी पृच्छा केली. तो अर्ज मी दाखल करून घेतला असून प्रकरण अद्याप विचाराधीन आहे.