बोटीवरून उतरलेल्यांसाठी घर : प्राथमिक मार्गदर्शिका

लग्नानंतरचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी येणाऱ्या मर्चंट नेव्हीतल्या नवख्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. जहाज चालवायला तुम्हाला येतं; त्याची परीक्षा सरकारने घेतलेली आहे. घराची परीक्षा कुणी घेत नाही, थेट नापास करतात. लेखिका रत्नागिरीची. बोटीवर ती कधी गेलेली नाही. मात्र एका सेकंड मेटला दर खेपेस नव्याने घरात बसवण्याचा तिला दांडगा अनुभव आहे.

उतरण्यापूर्वी

तारीख सांगू नये. रिलीव्हर आला नाही, बंदर बदललं, एजंटने तिकीट काढलं नाही, काहीही होतं. २०२० साली कोविडमध्ये जगभरातले सुमारे चार लाख दर्यावर्दी कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटींवर अडकले होते. तेव्हापासून आमच्या सासूबाई ‘परवा साइन ऑफ’ या शब्दांवर विसंबत नाहीत. कोकणकन्येत बसल्याचा फोन आला, की मगच त्या उकडीच्या मोदकांसाठी नारळ फोडतात.

पहिला दिवस

बॅग उघडून चॉकलेटं वाटून झाली की तुमचं मुख्य काम संपलं. आळीतला प्रत्येक जण ‘कधी आलास?’ विचारेल आणि उत्तर ऐकण्याआधीच ‘परत कधी?’ असंही विचारेल. वाईट वाटून घेऊ नये. आयकर खात्याचा प्रश्नही तोच असतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले की तुम्ही निवासी, त्याच्या आत असाल तर अनिवासी. म्हणजे १८१ दिवस आपल्याच पलंगावर घोरलात तरी सरकारदरबारी तुम्ही इथे राहत नाही. मार्च जवळ आला की आमच्याकडे कॅलेंडरवर दिवसांची मोजणी सुरू होते. बायकोने ती सुरू केली तर मात्र जरा सावध व्हावं.

रात्री बारा ते चार

सेकंड मेटची वॉच बारा ते चार, दुपारी आणि रात्रीही. हाडांत भिनलेलं हे वेळापत्रक विमानात सुटत नाही. पहिला आठवडाभर तुम्ही रात्री बाराच्या ठोक्याला जागे व्हाल, घरभर फिराल, खिडकीतून अंधारात दुरून काही येतंय का ते बघाल. फिरायला हरकत नाही. डबे उघडू नयेत. आमच्या घरी दिवाळीची अर्धी चकली अशीच गेली आणि पहाटे चारला, वॉच संपल्यावर, हे गाढ झोपले. पाणी सहाला येतं. पंप कोण लावतं, हे त्यांना दुसऱ्या आठवड्यात कळलं.

झोपेवरून एक धोक्याची सूचना. बोटीवर आंतरराष्ट्रीय नियम असतो : कोणत्याही चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती, आणि तिची लेखी नोंद. हा नियम घरात मोठ्याने सांगू नये. मी तो शांतपणे ऐकून घेतला आणि फ्रिजवर माझ्या तासांचा तक्ता लावला. चार दिवस भरला. नंतर भरायलाच वेळ मिळेना.

तपासणी

सुरक्षेची खोड अंगातून जात नाही. शिडी धरायला माणूस हवा, स्टुलावर चढताना चपला नकोत, उदबत्तीखाली ताटली हवी. इथवर ठीक. आमच्याकडे गॅसचा मुलगा खांद्यावर सिलिंडर घेऊन दोन जिने चढून आला, तर यांनी त्याला दारातच थांबवून, मोबाइलच्या उजेडात कडीखालच्या पट्टीवरचं ‘बी-२६’ वाचलं आणि समजावून सांगितलं, की ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. बी म्हणजे एप्रिल ते जून. तेव्हा जून २०२६ नंतर याची चाचणी केल्याशिवाय हे वापरायचं नाही. मुलगा घामाने निथळत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “वहिनी खालूनच बघून घेतात, साहेब. ठेवू का आता?”

अधिकार

इथे नवखे हमखास आपटतात. तुम्ही पोराला म्हणता, ‘जा, खेळायला जा.’ पोरगा हो म्हणतो आणि आईला विचारायला स्वयंपाकघरात जातो. हा तुमचा अपमान नव्हे. कॅप्टन कोण हे तुम्ही नसताना ठरलेलं आहे आणि जहाज तोवर व्यवस्थित चाललेलं आहे. शाळेचा निरोप, विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, सगळ्यांचे ओटीपी बायकोच्या फोनवर येतात. ते आपल्या फोनवर वळवून घ्यायचा विचारही करू नये. तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा हिंदी महासागरात असाल आणि इथे सिलिंडर संपलेला असेल.

अगदी लहान मूल असेल तर घाई नको. आमची धाकटी दीड वर्षाची असताना ‘बाबा कुठे?’ विचारलं की मोबाइलकडे बोट दाखवायची, बाबा शेजारी बसलेले असतानासुद्धा. तिला उचलून घेण्याचा हट्ट त्यांनी केला नाही, फक्त रोज तिच्या बाजूला बसून वरण-भात खाल्ला. लेखिकेच्या मते त्यांची त्या खेपेची सगळ्यात शहाणी गोष्ट तीच.

सहल

सेकंड मेटकडे बोटीवर नकाशे आणि मार्गाची आखणी असते. त्यामुळे रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला, आरे-वारेच्या रस्त्याने जेमतेम २५ किलोमीटर, जायचं तरी आदल्या रात्री कागद निघतो. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, भरती किती वाजता, पर्यायी रस्ता कोणता. आखणी उत्तम असते. त्यात एवढंच नसतं, की आई वाटेत मावशीकडे ‘दोन मिनिटं’ उतरणार आहे. हे कोणत्याही नकाशात सापडत नाही. मावशीकडे आंबोळ्या होत्या, दुपार तिथेच झाली, भरती आली आणि गेली.

उपयोगी पडणारं एकमेव कौशल्य

बोटीवर सुकाण्यावरचा माणूस हुकूम ऐकला की तो मोठ्याने परत म्हणतो, मग पाळतो, मग झाल्याचं सांगतो. घरात याला तोड नाही. “कोथिंबीर आणा.” “कोथिंबीर आणतो.” वीस मिनिटांनी, “कोथिंबीर आणली.” कधीच बोटीवर न गेलेल्या नवऱ्यांना हे शिकवता आलं तर बरं होईल, माझ्या दोन्ही नणंदा क्लास काढा म्हणतात. अट एकच : वाद न घालता शब्द जसाच्या तसा परत म्हणायचा. ‘मागच्या वेळची जुडी अजून आहे ना?’ ही हुकमाची पुनरुक्ती नव्हे.

कंपनीचा फोन

तुम्हाला पाण्याची वेळ पाठ होते, धाकटी अंगावर झेपावू लागते, आणि त्याच आठवड्यात कंपनीचा फोन येतो : जरा लवकर जॉइन व्हाल का, माणूस कमी आहे. फोन घेताना गच्चीवर जावं. घरात रेंज नाही हे कारण सगळीकडे चालतं. लगेच हो म्हणू नये. ‘घरी विचारतो’ म्हणावं आणि खरंच विचारावं. विचारताना आवाजात फार दुःख आणू नये, कारण ते खोटं आहे हे ओळखलं जातं. फार उत्साहही आणू नये, कारण तो खरा आहे हेही ओळखलं जातं. गणपती महिन्याभरावर असतील तर विचारूच नका. थेट नाही म्हणून टाका.