हरिश्चंद्राचे प्रेक्षक आणि एक वानेरा

मराठी माणसाच्या चित्रपटाचा जन्मच मुळी बापलेकांच्या एका अद्भुत कथेतून झाला, हा सिद्धांत मी गेली काही वर्षे, श्रोता सापडेल तेथे आणि न सापडेल तेथेही, मोठ्या चिकाटीने मांडीत आलो आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांनी जो 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे ठेवला, तो दिलेल्या शब्दापायी राज्य, राणी आणि मुलगा यांवर पाणी सोडणाऱ्या बापाचा, मरून पुन्हा उठणाऱ्या मुलाचा आणि सगळी थकबाकी एका दमात चुकती करण्यासाठी अखेरीस प्रकट होणाऱ्या शंकराचा. आणि १९३२ साली प्रभातने मराठीतला पहिला बोलपट काढला तो 'अयोध्येचा राजा', म्हणजे पुन्हा तोच बाप आणि तोच मुलगा. मुका असताना आपल्या चित्रपटाला जे सांगायचे होते तेच त्याने वाचा फुटल्यावरही प्रथम सांगितले, हे माझे वाक्य मला स्वतःला इतके प्रिय आहे की एका लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्या गृहस्थास थोपवून धरून मी ते त्याला दोनदा ऐकविले आहे.

अशा सिद्धांतास लोकमताचा आधार असावा म्हणून देवणीत, मारुतीच्या सभामंडपात पांढरे धोतर ताणून, मी 'राजा हरिश्चंद्रा'चा उपलब्ध भाग आणि त्याच्या निर्मितीची खट्याळ कहाणी सांगणारी परेश मोकाशी यांची 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', असा जोडखेळ लावला आणि प्रेक्षकांच्या अभिप्रायांसाठी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आणविली. तिच्यात नाव, वय, अभिप्राय आणि 'सही अथवा निशाणी डावा अंगठा' असे रकाने मी स्वहस्ते आखले. हेतू उघड होता: या कच्च्या दप्तरावरून 'ग्रामीण प्रेक्षकाची रससंवेदना' असा प्रबंध उभा करावा आणि तो योग्य त्या व्यासपीठावरून वाचावा. शेजारच्या उदगिरास २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्या खिशाला पेन आहे त्याला अध्यक्षीय भाषणाची पहिली चार वाक्ये पाठ आहेत, आणि माझ्या खिशाला तर पेने दोन असतात.

प्रास्ताविक मीच केले. ते ऐन रंगात आले असता वीज गेली, आणि ती परत आली तेव्हा प्रास्ताविक संपले असे सर्वांनी एकमताने गृहीत धरले.

अभिप्रायांत पहिली फूट पडली ती वयावरून. ज्यांना मुलगे आहेत ते हरिश्चंद्राच्या बाजूचे आणि ज्यांना अद्याप केवळ बाप आहे ते रोहिदासाच्या. एका वृद्ध शेतकऱ्याने "राजा मानूस चांगला, पर हिशोबाला कच्चा" असा जबाब देऊन अंगठा उठविला, त्याच्याच नातवाने, जो लातुरास राहून कसल्याशा प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होता, "शब्द बापाचा, इकलं पोराला, रोहिदासाला कुनी इचारलं का?" असा सवाल वहीत नोंदवून खाली इंग्रजीत सही ठोकली. तारामतीच्या ओठावर मिशीची जागा दिसते, ही हरकत तिसऱ्या रांगेतून आली. ती रास्तच होती, कारण ती भूमिका करावयास स्त्री न मिळाल्याने फाळक्यांनी अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला पातळ नेसविले होते.

खरी खळबळ उडाली ती रोहिदासावरून. पडद्यावर मरणाऱ्या मुलाच्या कामाला कोणी आपले पोर देईना म्हणून फाळक्यांनी स्वतःचा भालचंद्र उभा केला. आणि चित्रीकरणाच्या दिवसांत तो खडकावर पडून त्याचे डोके फुटले असता, मृत रोहिदासाचेच दृश्य घ्यावयाचे होते म्हणून बेशुद्ध मुलावरच ते उरकून घेतले गेले, असे सांगतात. हे मी कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितले होते. बायकांच्या बाजूने ते तसे स्वीकारले गेले नाही. "आन् त्या लेकराची माय कुठं होती?" असा प्रश्न आला. मी सरस्वतीबाईंची माहिती दिली: दागिने त्यांचे मोडले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि रात्री अंधारात फिल्मला भोके पाडणे नि ती धुणे हेही त्यांच्याकडेच. यावर त्या बाईंनी वहीत लिहवून घेतलेला अभिप्राय असा: "मग पिक्चर तिचाच." माझ्या नियोजित प्रबंधाची आठ पाने या तीन शब्दांनी निकालात निघाली.

तरीही मी धीर सोडला नसता. पण प्रास्ताविकाच्या ओघात मी असेही बोलून गेलो होतो की फाळके आणि लहानगा भालचंद्र गिरगावात प्रथम चित्रपट पाहण्यास गेले तो प्राण्यांविषयीचा होता, आणि भिंतीवर जिवंत जनावरे हिंडताना पाहिल्याचे त्या मुलाने घरी सांगितले तेव्हा कोणाचाच विश्वास बसेना. सभामंडपात ताबडतोब विचारणा झाली, की जनावरे कुठली होती आणि त्यात आपल्याकडचा बैल होता का.

आता, ज्या गावाचे नाव गोवंशाला मिळाले आहे त्या गावात बैलाचा उल्लेख करून पुन्हा चित्रपटाकडे वळू पाहणे व्यर्थ असते. देवणी जातीत तीन पोट-प्रकार आहेत: शुभ्र अंगाचा पण तोंडाच्या बाजू काळ्या असलेला तो वानेरा, पांढरा, मात्र पोटाखालच्या अंगाला काळे ठिपके असलेला तो बालंक्या, आणि पांढऱ्यावर काळे धब्बे वाटेल तसे उमटलेला तो शेवरा. गीर, डांगी आणि इथली गावरान यांच्या संकरातून ही जात सिद्ध झाली असे पशुशास्त्रज्ञ म्हणतात. पुढे आलेले कपाळ आणि लोंबते कान पाहिले की गीरची आठवण होतेच. पण मला नवल वाटते ते बैलाचे नव्हे, त्याच्या परीक्षकांचे. चित्रपटाविषयी 'बरा हाय' यापलीकडे न जाणारा माणूस बाजारात बैलासमोर उभा राहिला, की प्रथम मागे सरून चाल पाहतो, मग जवळ जाऊन खालचा ओठ दाबून दात मोजतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, हे दोन बोटांत ठरते. खांद्यावर हात फिरवून जुवाचा घट्टा पाहतो, शेपटीचा गोंडा पाहतो, खूर पाहतो, आणि मग हेड्याच्या उपरण्याखाली हात घालून, चेहऱ्यावरची रेषही न हलविता, बोटांनी भाव सांगतो. मराठीतल्या एकाही चित्रपटसमीक्षकाने, माझ्यासह, एखाद्या कलाकृतीचे इतके कसून दात मोजल्याचे मला ठाऊक नाही. आमच्या परीक्षणात बैल सुंदर आहे आणि त्याचा उत्तरार्ध थोडा लांबला आहे, एवढेच असते.

आमच्या घरी एक वानेरा होता. त्याच्याविषयी दादा, म्हणजे आमचे तीर्थरूप, ज्या कथा सांगत त्यांपुढे पुराणकारांनी हात टेकावेत. मांजरा नदीच्या पुरात गाडी अडकली असता त्याने ती पाठीमागे चालत बाहेर काढली; बिदरच्या बाजारातून हरवला तो आम्ही पोचण्यापूर्वी घरी येऊन दावणीला उभा राहिला; वगैरे. दर सांगण्यात नदीचे पाणी थोडे चढत असे. या कथांचा शेवट मात्र त्यांनी कधी सांगितला नाही, कारण तो मला ठाऊक होता: अकरावीला मला लातुरास ठेवावयाचे ठरले, फी, खोली आणि खानावळ यांची बेरीज झाली आणि वानेरा उदगीरच्या बाजारात गेला.

लातूर पॅटर्नच्या यशाविषयी भाषणे पुष्कळ होतात, गुणवत्ता यादीची कात्रणे पुष्कळांनी जपली आहेत. परंतु त्या याद्यांपायी किती दावणी मोकळ्या झाल्या याचे दप्तर कोणत्याही तहसिलीत नाही. हरिश्चंद्राने निदान शब्द विश्वामित्राला दिला होता, आणि व्यवहार पुरा झाल्यावर भरपाई करण्यास देव हजर होता. आमच्याकडच्या बापांनी शब्द कोणाला दिला होता, हेच मला कधी उमगले नाही. आणि शेवटच्या रिळात शंकर येतो या भरवशावर तर त्यांच्यापैकी कोणीच व्यवहार केला नाही. माझ्यापुरते बोलायचे, तर ऐन उमेदीतला चार दाती वानेरा जाऊन त्याच्या जागी घरात एक ललितलेखक आला. बाजारभावाने पाहता सौदा आतबट्ट्याचा झाला, हे कोणीही हेडी उपरण्याखाली हात न घालताही सांगेल.

दादा त्या रात्री मंडपात खांबाला टेकून बसले होते. फाळक्यांच्या चार रिळांपैकी पहिले आणि अखेरचे तेवढे आज उपलब्ध आहे, आणि तीही १९१७ सालच्या पुनर्निर्मितीतली असावीत असे काही अभ्यासक मानतात, ही माझी तळटीप त्यांनी पहिल्यांदाच पुरती ऐकून घेतली. "म्हंजी मधलं गेलं?" त्यांनी विचारले. गेले, मी म्हणालो. "बरं झालं," ते म्हणाले, "तेवढंच बघवलं नसतं." वहीत लिहू का, असे विचारता त्यांनी मान हलविली, आणि पुढे वाकून रकाने कोणी आखले अशी चौकशी केली, कारण रेघा वाकड्या होत्या.

प्रबंध अर्थातच झाला नाही. वहीतली निम्मी पाने चित्रपटाविषयी नाहीत. तीत एका गोऱ्ह्याचे वय, एका गाईचे दूध आणि सभामंडपाच्या गळक्या पत्र्याविषयी ग्रामपंचायतीस उद्देशून लिहिलेला एक रीतसर अर्ज आहे. तथापि पाने अजून शिल्लक आहेत. 'राजा हरिश्चंद्रा'विषयी ज्या वाचकांस काही म्हणावयाचे असेल त्यांनी देवणीस अवश्य यावे, वय आणि अभिप्राय स्वच्छ अक्षरांत नोंदवावा. मात्र मुक्काम एका रात्रीचा धरूनच यावे, कारण दादा घरी असतात, आणि मांजरेला हल्ली फार मोठा पूर येतो.